माइक बिघडला म्हणण्यापूर्वी त्याची पिन पाहा

गिऱ्हाइकाने दुकानात यावे, माल हाताने चाचपून पाहावा आणि मग भाव करावा, ही पद्धत अजून चालू आहे. तिच्या जोडीला आता लॅपटॉपवरची व्हिडिओ भेटही आली आहे. परगावचा व्यापारी पडद्यावर माल पाहतो, सूत, रंग, काठ यांची विचारपूस करतो आणि त्याच बैठकीत ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवतो. आपला आवाज त्याच्यापर्यंत नीट पोहोचला नाही तर चांगला मालही पडून राहतो.

मालेगावात आमच्या परिचयाचे एक साडी कारखानदार आहेत. लॅपटॉपच्या आतला माइक यंत्रमागाचा खडखडाटच जास्त पकडतो, म्हणून त्यांनी कॉलरला लावायचा माइक आणला. पिन लॅपटॉपला लावली आणि व्यापाऱ्याशी बोलणे सुरू केले. त्याला पूर्वीप्रमाणेच मागांचा खडखडाट ऐकू येत राहिला. उलट लॅपटॉपमधून येणारा त्याचा आवाज मात्र एकाएकी बंद झाला. बोलणे अर्ध्यावर राहिले आणि ती ऑर्डर दुसरीकडे गेली. दुरुस्तीवाल्याने माइक खराब ठरवला. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. आम्ही पाहिले तेव्हा दोन्ही माइक चांगले होते. चूक होती ती जोडणीत.

काळे पट्टे मोजा

माइकची पिन हातात घेऊन तिच्यावरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील तर पिनेचे तीन भाग होतात. असा माइक प्रामुख्याने कॅमेऱ्यासाठी असतो. तीन पट्टे असतील तर चार भाग होतात आणि तो माइक मोबाइलसाठी असतो.

आता लॅपटॉप पाहा. जुन्या लॅपटॉपला दोन छिद्रे असत, एक हेडफोनचे आणि एक माइकचे. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपना दोन्ही कामांसाठी एकच छिद्र असते आणि त्याला चार भागांची पिन लागते. त्यात तीन भागांची पिन घातली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो. मग तो आपला स्पीकर बंद करतो, पण ऐकायचे काम आतल्या माइकनेच चालू ठेवतो. आमच्या कारखानदारांचे नेमके हेच झाले होते. याच्या उलट, दोन छिद्रांच्या जुन्या लॅपटॉपला मोबाइलचा माइक सहसा चालत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. एका टोकाला चार भागांची पिन आणि दुसऱ्या टोकाला माइक व हेडफोनची वेगवेगळी छिद्रे असलेली छोटी जोडवायर मोबाइलच्या दुकानात मिळते. लॅपटॉपचे छिद्रच निकामी झाले असेल तर यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड घ्यावे.

तपासणीचा क्रम

पिन बरोबर असूनही आवाज जात नसेल तर पैसे खर्च करण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. पिन शेवटपर्यंत आत गेली आहे का? कारखान्यात छिद्रात सुताचा कचरा साचतो आणि पिन वरच अडते.

२. काही कॉलर माइकच्या वायरवर छोटी डबी असते. तिच्यात बटणासारखा सेल आणि एक खटका असतो. सेल उतरलेला नाही ना आणि खटका योग्य बाजूला आहे ना, ते पाहावे.

३. काही लॅपटॉपच्या कीबोर्डवर माइकचे चित्र असलेले बटण असते. ते चुकून दाबले गेले की माइक मुका होतो.

४. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'साउंड' असे जाऊन 'इनपुट'खाली बाहेरचा माइक निवडावा. बोलताना तेथील पट्टी हलली तर आवाज आत येत आहे असे समजावे.

५. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'मायक्रोफोन'ची परवानगी चालू असावी. विंडोज १० मध्ये हे 'प्रायव्हसी'खाली असते.

६. ज्या ॲपवरून बोलतो, त्याच्यातही माइक वेगळा निवडावा लागतो. ही पायरी बहुतेकजण विसरतात.

जलशात वापरतात तो तीन खिळ्यांच्या जाड वायरीचा माइक नुसती पिन बदलून लॅपटॉपला लावला तर आवाज फार बारीक येतो. त्यासाठी मधे ऑडिओ इंटरफेस नावाचे यंत्र लागते. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला तर ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा हवा. कारखान्यातून बोलण्यासाठी या खर्चात पडू नये.

मोबाइलच्या वस्तू विकणाऱ्या बांधवांना आमची एक विनंती आहे. माइक मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो कशाला लावणार आणि लॅपटॉपला छिद्रे किती, एवढे आधी विचारावे. योग्य जोडवायर हाती दिली तर माल परत येत नाही आणि गिऱ्हाईकही टिकते.

आमच्या कारखानदारांनी पहिलाच माइक अशा वायरीने जोडला. आता ते भेटीच्या आदल्या दिवशी मुलाला दुसऱ्या खोलीत मोबाइल घेऊन बसवतात आणि आवाज तपासून घेतात. गेलेली ऑर्डर परत आली नाही, पण त्यानंतरचे एकही बोलणे अर्ध्यावर तुटलेले नाही.