पॅकेज कोण बांधतं?

लिनक्सची ओळख : भाग ७

गेल्या आठवड्यात लिनक्सची रिपॉझिटरी, म्हणजे तयार पॅकेजांचं भांडार, कशी चालते ते आपण पाहिलं. आज त्या रिपॉझिटरीतलं सगळ्यात अवघड पॅकेज घेऊ, ते म्हणजे ब्राउझर.

जळकोट, उदगीर, मुखेड या पट्ट्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रात जा. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, बँकेचं काम, सगळं ब्राउझरमध्येच चालतं. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, तिथे लिनक्स टाकणं हा चांगला मार्ग आहे आणि मी तो मनापासून सुचवतो. पण लिनक्स टाकून देणारा तासाभरात निघून जातो. पुढची चार-पाच वर्षं त्यावरचा ब्राउझर ताजा कोण ठेवणार, हे कोणी विचारत नाही. खरं तर पैसे आणि आधार क्रमांक ज्या खिडकीतून जातात, तिच्याबद्दल हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

क्रोम गूगल स्वतः बांधून देतं. क्रोम ज्या खुल्या सोर्स कोडवर उभा आहे तो क्रोमियम, २००८ साली खुला झालेला. डेबियन, फेडोरा, आर्च, लिनक्स मिंट या लिनक्स वितरणांच्या रिपॉझिटरीतलं क्रोमियम गूगल बांधत नाही. ते त्या त्या समूहातली माणसं बांधतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. काही जण पगारी असतात, बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात.

त्यांचं काम एकदा करून संपत नाही. सप्टेंबर २०२१ पासून क्रोमियमची मोठी आवृत्ती दर चार आठवड्यांनी निघू लागली, आणि मधल्या दिवसांत सुरक्षेच्या दुरुस्त्या येतच असतात. प्रत्येक वेळी सोर्स उतरवायचा, आपल्या वितरणासाठी केलेले बदल म्हणजे पॅच त्यावर पुन्हा बसवायचे, जे बसत नाहीत ते नव्याने लिहायचे, मग कंपाइल करायचं म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा, चालवून पाहायचं, सही करायची आणि मिररवर, म्हणजे डाउनलोडच्या सर्व्हरवर, सोडायचं. नुसतं कंपाइल करायला क्रोमियमची स्वतःची कागदपत्रं किमान १०० जीबी मोकळी डिस्क आणि १६ जीबीहून जास्त रॅम सुचवतात. २०२० मध्ये लिनक्स मिंटने स्वतःचं क्रोमियम पॅकेज सुरू केलं, कारण उबुंटूने आपलं क्रोमियम स्नॅप या स्वतःच्या वेगळ्या पॅकेज-पद्धतीच्या वाटेने द्यायला सुरुवात केली होती आणि मिंटला ती वाट मान्य नव्हती. वेगवान संगणकावरही एका बांधणीला सहा तासांहून जास्त लागतात, असं मिंटने तेव्हा सांगितलं. शेवटी १२८ जीबी रॅमचा वेगळा सर्व्हर घेतला, तेव्हा हे काम तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात होऊ लागलं.

डेबियनची अडचण आणखी वेगळी आहे. त्याची स्थिर आवृत्ती मुद्दाम जुनी साधनं धरून ठेवते, म्हणून तर ती स्थिर. ब्राउझरला मात्र दरवर्षी नवा कंपायलर लागतो. फायरफॉक्सचा बराच भाग रस्ट भाषेत आहे आणि जुन्या रस्टने तो बांधला जात नाही. म्हणून डेबियनचे लोक स्थिर आवृत्तीत रस्टसी-वेब नावाचा कंपायलर वेगळा ठेवतात, केवळ ब्राउझर बांधता यावेत यासाठी. बाकी पॅकेजांना जुन्याच आवृत्तीवर सुरक्षेचं ठिगळ लावलं जातं. फायरफॉक्स आणि क्रोमियम यांच्यासाठी तो नियम सोडून थेट नवी आवृत्ती दिली जाते.

एवढी माणसं मिळाली नाहीत तर काय होतं, हे २०२१ ने दाखवलं. ऑगस्टमध्ये डेबियन ११ बाहेर आलं तेव्हा त्यात क्रोमियम ९० होतं. त्यानंतर महिने गेले तरी स्थिर आवृत्तीत नवं क्रोमियम आलं नाही, कारण काम ओढायला पुरेसे हात नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये एकदम ९७ आलं आणि मधल्या काळातल्या असंख्य सुरक्षा-त्रुटी एकाच सूचनेत बुजवाव्या लागल्या. त्या पाच महिन्यांत ज्यांनी रोज इमानाने अपडेट चालवलं, त्यांनाही संगणक सगळं ठीक असल्याचंच सांगत होता. मला यातली ही बाब सगळ्यात गंभीर वाटते. नव्या स्वयंसेवकांनी काम हाती घेतलं आणि गाडी रुळावर आली. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवर उभं आहे, म्हणजे हा प्रश्न परदेशातल्या कोणाचा नाही, आपलाही आहे.

नावावरूनही वाद झाले आहेत. फायरफॉक्स हे नाव वापरायचं तर अधिकृत चिन्ह वापरा आणि प्रत्येक बदलाला आमची मंजुरी घ्या, असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २००६ मध्ये डेबियनला सांगितलं. चिन्हाचा परवाना डेबियनच्या मुक्ततेच्या नियमांत बसत नव्हता. डेबियनने नाव सोडलं, काम सोडलं नाही. तोच ब्राउझर आइसवीझल या नावाने दिला आणि २०१६ मध्ये समेट झाल्यावर फायरफॉक्स हे नाव परत आलं.

आता सहीबद्दल. बियाण्याची पिशवी घेताना आपल्याकडचा शेतकरी टॅग आणि लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. पॅकेजवरची डिजिटल सही तेच काम करते : हे कोणी बांधलं आणि वाटेत कोणी हात लावला का, ते संगणक स्वतः तपासतो. ही तपासणी फक्त अधिकृत रिपॉझिटरीपुरती भरवशाची आहे. आर्चच्या वापरकर्त्यांसाठी एयूआर नावाचं खुलं भांडार आहे, तिथे खातं असलेला कोणीही पॅकेज टाकू शकतो. १६ जुलै २०२५ ला तिथे फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन या ब्राउझरांची सुधारित रूपं असल्याची बतावणी करणारी तीन पॅकेजं आली. आत दुरून संगणकाचा ताबा घेणारा प्रोग्राम होता. दोन दिवसांत ती काढून टाकली गेली. म्हणून व्हिडिओखाली दिलेल्या कमांडने ब्राउझर टाकू नका, आणि संगणक क्लासमधल्या मुलांनाही टाकू देऊ नका.

जुन्या मशीनवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ३२ बिट लिनक्ससाठी गूगलने क्रोम मार्च २०१६ मध्येच बंद केला. डेबियनचे लोक त्यानंतरही बरीच वर्षं ३२ बिटचं क्रोमियम बांधत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ मात्र ३२ बिट संगणकावर इन्स्टॉल होत नाही आणि ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती ठरली. असं मशीन टायपिंग शिकवायला ठेवा, बँकेच्या कामाला वापरू नका. क्लासमध्ये दहा-वीस मशीन असतील तर एकावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. अपडेट इंटरनेटवरून एकदाच उतरतं आणि बाकीची मशीनं तिथून घेतात. डेटा कमी लागतो, त्यामुळे अपडेट टाळलंही जात नाही.

आणि एक काम असं आहे, जे जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेला मेंटेनर करूच शकत नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द आपल्या प्रत्येक सरकारी फॉर्मवर असतो. त्यातला ऱ्या नीट दिसायला चांगला फॉन्ट आणि अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी, दोन्ही हवेत. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला आणि तिच्या पुण्यातल्या चमूने पुढे वाढवलेला लोहित फॉन्ट बहुतेक लिनक्समध्ये मिळतो, फायरफॉक्सच्या मराठी भाषांतराचं पॅकेजही डेबियनमध्ये आहे. पण एखाद्या अपडेटनंतर ऱ्याचा र्या झाला, तर ते ओळखणारे आपणच. डेबियनवर रिपोर्टबग ही कमांड चालवून, स्क्रीनवर काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते साध्या इंग्रजीत चार ओळींत लिहा. मोझिलाच्या पॉन्टून या भाषांतराच्या व्यासपीठावर मराठीसाठी माणसं हवीच आहेत. उदगीर-लातूरच्या कॉलेजांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी एवढ्यापासून सुरुवात करावी. मेंटेनर होणारे पुष्कळ जण अशाच एका तक्रारीपासून आत आले आहेत.