वजनकाटा सगळं खरं सांगत नाही!

आधीच सांगून ठेवते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची! विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे – बारीक होणे.

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलवर डाएटची साथ येते. कोणी रात्रीचं जेवण सोडतं, कोणी काकडीवर राहतं, कोणी भाताकडे बघतसुद्धा नाही. यंदा माझ्या रूम पार्टनरने सकाळी कॉफी आणि संध्याकाळी एक सफरचंद असा कार्यक्रम १२ दिवस चालवला. काट्यावर ४ किलो कमी झाले आणि सगळ्या विंगने टाळ्या वाजवल्या. तेराव्या दिवशी वर्कशॉपमध्ये चालू लेथसमोर तिला चक्कर आली. शेजारच्या मुलीने वेळेवर मागे ओढलं म्हणून निभावलं. पुढे नीट जेवायला लागल्यावर आठवडाभरात ४ पैकी ३ किलो परत आले!

हे असं का होतं? आपण इंजिनियर, तेव्हा गणितच करू. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आपल्या वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे २,००० कॅलरी लागतात असं धरा. १२ दिवस एक घासही खाल्ला नाही, तरी २४,००० भागिले ७,७००, म्हणजे जेमतेम ३ किलो चरबी जाईल. मग ४ किलो कुठून आले? शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन साठवून ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. उपाशी राहिलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा संपतो आणि पाणीही जातं. त्यानंतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्याला यातला फरक कळत नाही, तो फक्त बेरीज दाखवतो.

याचं एक छान उदाहरण पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय जवळजवळ सारखा, साधारण २२. पण शरीरातली चरबी? मॅरेथॉन पळणाऱ्या युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असूनही आतून चरबीवाले असू शकतो, ते असं. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरा. कंबरेचा घेर मुलींचा ८० आणि मुलांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

आता प्रश्न, चरबी जाते कुठे? घामातून नाही! २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा चक्क केमिस्ट्रीचा हिशोब आला होता. १० किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे पोटाला पट्टा बांधून घाम काढणं म्हणजे फक्त पाणी काढणं. तसंच नुसत्या सिट-अप्स मारून पोटाचीच चरबी कमी होत नाही. ती कुठून आधी निघेल हे शरीर ठरवतं.

मग करायचं काय? रोज ४००-५०० कॅलरी कमी घ्या. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास फरक पडतो आणि तेवढाच बरा. यासाठी मेसचं ताट सोडायची गरज नाही. दिवसाच्या चार चहांत ८ चमचे साखर जात असेल, तर त्या १६० कॅलरी. टपरीवरचा एक वडापाव सुमारे ३००. झाला की हिशोब! भाजीवरचा तेलाचा तवंग बाजूला काढलात तर प्रत्येक चमच्यामागे ४५ कॅलरी वाचतात.

ताटाचं म्हणाल तर अर्ध्या भागात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात पोळी किंवा भात, आणि पाव भागात डाळ, उसळ, दही किंवा अंडं. भात गुन्हेगार नाही, त्याचा डोंगर गुन्हेगार आहे. प्रोटीन मात्र कमी पडू देऊ नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान ०.८ ग्रॅम तरी हवं. एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतं. अंडं न खाणाऱ्यांनी उसळ, दूध आणि फुटाण्यांशी दोस्ती करावी.

व्यायामाबद्दल एक कडू सत्य: ६० किलोचा माणूस तासभर भरभर चालला तर साधारण २४० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक वडापावसुद्धा वसूल होत नाही! तरी व्यायाम हवाच, कारण जोर-बैठकांमुळे स्नायू टिकतात आणि जाते ती मुख्यतः चरबी. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस जोर-बैठका, एवढं पुरे. त्याला जिमची फी लागत नाही, हॉस्टेलची गच्ची चालते.

आणि झोप! शिकागो विद्यापीठात २०१० साली काही जणांना सारखंच कमी जेवण देऊन आधी साडेआठ आणि मग साडेपाच तास, किंवा उलट क्रमाने, झोपायला दिले. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली. सबमिशनच्या नाइट मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ज्यांना डायबिटीस, थायरॉइड किंवा पाळीचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांचं वजन ठीक आहे त्यांनी फक्त कोणी चिडवतं म्हणून यात पडू नका.

शेवटी दोन विनंत्या. मेस कमिटीला आणि रेक्टर मॅडमना: आठवड्यातून चार दिवस तरी उसळ द्या, आणि ती पातळ करू नका! आणि तुम्हां सगळ्यांना: एखादी मैत्रीण दोन दिवस मेसमध्ये दिसली नाही, तर “काय बारीक झालीस गं!” म्हणू नका. तिच्या रूमवर जा आणि तिला जेवायला घेऊन या.