तुमच्या गॅसची घट किती?

पुण्याहून संभाजीनगरला गाडी काढलीत, की नगरच्या पुढे साधारण 35 किलोमीटरवर घोडेगाव लागतं. आपण बहुतेक जण इथून शिंगणापूरला वळतो. पुढच्या वेळी जरा थांबा आणि इथल्या कांदा मार्केटमध्ये डोकावा. दोन शब्द हमखास कानावर पडतील, काटा आणि घट. चाळीत ठेवलेला कांदा सुकतो, सडतो, वजन कमी भरतं. ती घट. शेतकरी ती धरूनच हिशेब करतो.

म्हणाल, याचा आमच्या टू बीएचकेशी काय संबंध? आहे ना! सिलिंडरचे 14.2 किलो दारातच तोलून घेता येतात. पाइपातल्या गॅसला काटा लावणार कुठे?

पुण्यात एमएनजीएल, मुंबईत महानगर गॅस, नगर-संभाजीनगर जिल्ह्यांत भारत पेट्रोलियम. कंपनी कुठलीही असो, गणित एकच. शहराच्या वेशीवर किती गॅस आला ते मोजायचं, ग्राहकांच्या मीटरची बेरीज करायची. जो फरक उरेल, ती घट.

मीटर श्वास घेतो

घरच्या मीटरमध्ये छोटे भाते असतात. ते आळीपाळीने भरतात, रिकामे होतात आणि आकडा पुढे सरकतो. म्हणजे मोजलं जातं ते आकारमान, वजन नव्हे. गॅस तापला की फुगतो. 15 अंशांना जेवढा गॅस एक घनमीटर भरतो, तेवढाच 30 अंशांना सुमारे 5 टक्के जास्त भरतो! म्हणून वेशीवरचे मोठे मीटर तापमान आणि दाबही टिपतात आणि हिशेब दुरुस्त करतात. तापमान न धरणारा मीटर, चुकीचं रीडिंग, जुना संथ मीटर, चोरी, अशाने हिशेब चुकतो. गॅस खरोखर हवेत जातो तो गळतीतून.

ही गळती महागात पडते. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं, तर एक ठिणगी पुरते. शिवाय 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट उष्णता अडवतो. म्हणून तर जमिनीखाली न गंजणारे पिवळे प्लॅस्टिक पाइप वितळवून जोडतात आणि वासासाठी मर्कॅप्टन मिसळतात. तरी विचारल्याशिवाय चाललेला जेसीबी एका फटक्यात सगळ्यावर पाणी फिरवतो. सोसायटीत खोदकाम निघालं, तर आधी गॅस कंपनीला कळवा.

आज रात्रीच करून बघा

- सगळे बर्नर आणि गॅस गीझर बंद करा. मेन व्हॉल्व्ह चालूच ठेवा.
- मीटरचा फोटो काढा, लाल आकड्यांसकट.
- सकाळी चहा टाकण्याआधी पुन्हा बघा. आकडा सरकलाय? व्हॉल्व्ह बंद करा आणि कंपनीला बोलवा.
- वास आला तर सकाळची वाट बघू नका. व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही आणि फोन घराबाहेर जाऊनच!