मूल वाढवताना (लेखांक 6) : गोळीच्या आधीचं वर्ष

मागच्या आठवड्यात आपण अवखळ मूल आणि एडीएचडी असलेलं मूल यांतला फरक पाहिला. लक्ष टिकत नाही, शरीर स्थिर राहत नाही आणि मनात आलं की हात पुढे जातोच, यांतल्या काही गोष्टी वयाच्या मानाने फार जास्त असतील तेव्हाच एडीएचडीचा विचार करायचा, इथवर आपण आलो होतो. यानंतर आईबाप हमखास विचारतात : औषध द्यायचं का? माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा मीही हेच विचारत दारोदार फिरले. आज तो आठ वर्षांचा आहे. आता मला कळतं, की त्या वयात पहिला प्रश्न हा नसतो.

आमच्या गोव्यातल्या कारापूरच्या तिस्कावर सकाळी बालरथ (शाळेची बस) यायचा, आणि त्याआधीचा पाऊण तास घरात रणधुमाळी असायची. एका पायात मोजा, दुसरा पाय पायरीवर, तेवढ्यात अंगणात मांजर दिसलं की स्वारी पसार. दोनदा तो हात सोडवून थेट रस्त्यावर धावला. बालवाडीच्या बाई वहीत लिहून पाठवायच्या : खाली बसत नाही, दुसऱ्याचा डबा ओढतो, गोष्ट संपायच्या आत उठतो. सासूबाईंनी दिश्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, लाडावलाय. एका खाजगी दवाखान्यात तर मुलाकडे धड न बघता पाच मिनिटांत ‘शांत राहण्याचं’ सिरप लिहून मिळालं. ते घेऊन तो दुपारभर पेंगायचा आणि संध्याकाळी दुप्पट धावायचा. आठवड्याने मी ती बाटली ओतून टाकली.

त्या सगळ्या दिवसांत खऱ्या उपयोगाचं एकच वाक्य कानावर आलं. सासूबाई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “त्याचो बापूय असोच आशिल्लो.” पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं, की एडीएचडी कुणाला होतो आणि कुणाला नाही यातला सुमारे तीन चतुर्थांश फरक आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. लाड, साखर किंवा मोबाइल यांमुळे तो होत नाही. मोबाइलचा अतिरेक झोप बिघडवतो आणि चिडचिड वाढवतो, तेव्हा तो कमी करावाच, पण दोष तिथे शोधू नये. 2007 साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं काढून पाहिल्या. मेंदूचं बाह्य आवरण जाड होण्याचा टप्पा इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी आला, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या. वाढीचा क्रम तोच होता, फक्त उशिराने, आणि हा उशीर सर्वांत ठळक होता तो आवर घालणाऱ्या पुढच्या भागात. हे वाचलं त्या रात्री मुलावर ओरडल्याबद्दल मी पुष्कळ रडले.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे आम्ही थांबलो त्यांनी पहिल्या भेटीत निदान केलंच नाही. आधी कान तपासा, डोळे तपासा, म्हणाल्या. रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का? टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड वाढले तर झोप मोडते, आणि झोप मोडलेलं मूल दिवसा बऱ्याचदा पेंगत नाही, उधळतं. रक्तात लोह कमी आहे का? मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतो का? तसं असेल तर ते फेफऱ्याचंही एक रूप असू शकतं. यातलं काही नाही असं ठरल्यावर निकष लागतात : लक्षणं किमान सहा महिन्यांची हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. म्हणजे बालवाडीच्या बाईंचं म्हणणं विचारल्याशिवाय केलेलं निदान अर्धंच.

मग त्यांनी मला शंभर पानी वही घ्यायला सांगितली. चार रकाने : वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, मी काय केलं. मुलाबद्दल लिहायचं म्हणून बसले, आणि आठव्या दिवशी वही वाचली तेव्हा चौथ्या रकान्यात मीच दिसले. बालरथ येण्याआधी मी एका सकाळी अकरा हुकूम सोडले होते, सगळे स्वयंपाकघरातून, ओरडून, पाठमोरी उभी राहून. त्यातला एकही पाळला गेला नव्हता. ज्या मुलाच्या डोक्यात दोन सूचना एकत्र टिकत नाहीत त्याला अकरा!

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी पहिला उपचार आहे आईबापांचं प्रशिक्षण. तो अपुरा पडला आणि त्रास मोठा असला तरच गोळीचा विचार. हे ऐकून पहिल्यांदा अपमान वाटतो. आजार मुलाला आणि शिकवणी आम्हाला? पण चष्मा लागलेल्या मुलासाठी आपण फळ्यावरची अक्षरं मोठी करतोच. इथे बदलायची असते ती आपली सांगण्याची रीत.

आम्ही काय शिकलो ते थोडक्यात सांगते. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची आणि ती होईपर्यंत दुसरी सांगायची नाही. केली की तत्क्षणी, नेमकं नाव घेऊन शाबासकी : “बूट स्वतः घातलेस!” रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर खेळायचं, त्या वेळात हुकूम नाही, शिकवणं नाही. आणि चिंचोके. एका काचेच्या बाटलीत, ठरवलेलं काम केलं की लगेच एक चिंचोका. पाच झाले की संध्याकाळी पपा वाळवंटी नदीच्या काठी घेऊन जाणार, हात धरून. एडीएचडी असलेल्या मुलाला लांबचं बक्षीस ओढत नाही. ‘रविवारी फिरायला नेईन’ हे मंगळवारी सकाळी त्याच्यासाठी नसल्यासारखंच असतं. पण बाटलीत पडलेल्या चिंचोक्याचा आवाज त्याला तिथल्या तिथे ऐकू येतो.

चौथ्याच दिवशी मी चूक केली. तो बहिणीला चावला म्हणून मी दोन चिंचोके काढून घेतले. त्याने बाटली अंगणात पालथी केली आणि दोन दिवस हात लावला नाही. डॉक्टर म्हणाल्या, कमावलेलं परत घ्यायचं नाही; चावल्याचा परिणाम वेगळा, लहानसा आणि दर वेळी तोच असू दे. मग बाटलीची राखण सासूबाईंकडे दिली. हा निर्णय सर्वांत चांगला ठरला, कारण आई एक रीत पाळते आणि आजी मागच्या दाराने लाडू देते अशा घरात हे प्रशिक्षण टिकत नाही. त्या वर्षी विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवाला आम्ही गर्दी व्हायच्या आधी गेलो, अर्ध्या तासात परतलो आणि पहिल्यांदाच न रडता घरी आलो.

बाईंनीही साथ दिली. त्याला दारापासून लांब, पुढे बसवलं आणि खडू वाटायचं काम दिलं. हक्काने उठायला मिळालं की बिनहक्काचं उठणं कमी होतं.

तरी पहिलीत, सहा वर्षं उलटल्यावर, एक ओळही पूर्ण लिहून होईना, तेव्हा गोळी सुरू झाली : मिथाइलफेनिडेट. गोळीला घाबरून वर्षं घालवणंही चूकच. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सात ते नऊ वर्षांच्या मुलांची मुख्य लक्षणं काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त आटोक्यात आली होती. ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली दिलेल्या या औषधाने मुलाला नशा चढत नाही. भूक मात्र मरते, झोप लांबू शकते. म्हणून आम्ही गोळीच्या आधी सकाळी पोटभर नाचणीचं तिझण देतो आणि वजन-उंची नियमित मोजून घेतो. ही गोळी औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषध दुकानदार ठेवून घेतो. प्रत्येक दुकानात ते मिळत नाही, तेव्हा शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.

आपण एकटे आहोत असं वाटणं हा या आजाराचा सर्वांत वाईट भाग. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या पाच ठिकाणांच्या अभ्यासात एक ठिकाण आपला उत्तर गोवा होता. दोन ते नऊ वर्षांची 3,964 मुलं तपासली गेली. सहा ते नऊ वर्षांच्या गटात मेंदूच्या वाढीशी निगडित कोणती ना कोणती अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण ठिकाणानुसार 6.5 ते 18.5 टक्के निघालं. एडीएचडी त्यातलीच एक अडचण. पेडण्यातल्या, डिचोलीतल्या वर्गांतही अशी मुलं आहेत, बहुधा ‘द्वाड’ या नावाने.

जायचं कुठे? 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे, तेव्हा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात या कार्यक्रमाच्या नावाने विचारा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागा. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि आयपीएचबी (मनोविकारशास्त्र व मानवी वर्तन संस्था) आहेत. 1996 साली गोव्यात उभी राहिलेली ‘संगत’ आणि डॉ. नंदिता डिसोझा यांची ‘सेतू’ या संस्थांनी आपल्या राज्यात मुलांच्या विकासावर मोठं काम केलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, पण अध्ययन अक्षमतेचं आहे. लिहिण्या-वाचण्यातही अडखळत असेल तर ती तपासणी शाळेच्या वयात करून घ्या.

शाळेत काय मागावं आणि कसं, हे पुढच्या आठवड्यात. तोवर एक वही घ्या, चार रकाने आखा आणि सात दिवस लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. चौथा रकाना कोरा ठेवू नका.