जुन्नर परिसरातील दुर्गसंरक्षण
पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत सह्याद्रीच्या घाटवाटांच्या आधाराने विकसित झालेली ऐतिहासिक संरक्षणव्यवस्था. कल्याणहून देशावर येणारा प्राचीन व्यापारी मार्ग नाणेघाटातून चढतो. तेथील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविण्यात येणारा दगडी रांजण प्रसिद्ध आहेत. घाटमाथ्यावर जीवधन, जुन्नरच्या वाटेवर चावंड, कुकडीच्या उत्तरेस हडसर आणि खुद्द शहरावर शिवनेरी अशी किल्ल्यांची साखळी येथे आहे. आंबेगाव तालुक्यात अशी साखळी नाही. आहुपे घाट व भीमाशंकरच्या वाटा दाट अरण्य आणि तुटलेले कडे यांमुळेच दुर्गम होत्या. त्यांवर लक्ष ठेवण्यास कोकणच्या बाजूचे गोरखगड व सिद्धगड उपयोगी पडत.

मलिक अहमदने १४९० मध्ये जुन्नर येथे निजामशाहीची स्थापना केली. १६३६ च्या तहानंतर हा मुलूख मोगलांकडे गेला. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म (१६३०) शिवनेरीवर झाला होता. १६५७ मध्ये त्यांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला व रोकड आणि घोडे हस्तगत केले. स्वराज्यात आल्यावर चावंडला प्रसन्नगड आणि हडसरला पर्वतगड अशी नावे मिळाली.

महाराजांच्या लष्करी सुधारणांचा गाभा तटबंदीपेक्षा कारभारात होता. गड एका सरदाराच्या हाती सोपविण्याची जुनी रीत त्यांनी मोडली. सभासद बखरीनुसार गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे सारख्या दर्जाचे अधिकारी असत. ते निरनिराळ्या जातींचे असावेत, असा दंडक होता. साहजिकच संगनमताने गड शत्रूच्या स्वाधीन करणे कठीण झाले. कोठार व सामानसुमान कारखानिसाकडे असे. वेतन जहागिरीऐवजी शक्यतो रोख दिले जाई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हेच धोरण पुढे मांडलेले दिसते : गडाजवळ त्याच्या तोडीचा डोंगर नसावा, पाण्याची सोय आधी पाहावी, एकाहून अधिक वाटा ठेवाव्यात आणि अधिकाऱ्यांच्या ठराविक काळाने बदल्या कराव्यात. मोठ्या फौजेशी मैदानात सामना न देता दुर्गम प्रदेशाच्या आश्रयाने तिला थकविणे, हे लहान राज्याचे धोरण त्यामागे होते. तटस्थ स्वित्झर्लंडने १९४० मध्ये जनरल गीसाँ यांच्या नेतृत्वाखाली आल्प्स पर्वतातील दुर्गम भागात मुख्य बचावफळी उभारली, तीही काहीशा अशाच विचाराने. मात्र तेथे प्रत्यक्ष आक्रमण झाले नाही.

या व्यवस्थेची कसोटी शिवनेरीनेच पाहिली. महाराजांचे जन्मस्थान असलेला हा गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. जुन्नरला आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा साठा असल्याचे नमूद केले आहे. १६७८ मध्ये मराठ्यांची एक तुकडी रात्री कडा चढून गेली, पण मोगल किल्लेदार अब्दुल अजीजखान याने ती कापून काढली आणि पकडलेल्यांना परत पाठविले, असे वर्णन आढळते. ज्या तत्त्वांवर स्वराज्य उभे होते, तीच सावध किल्लेदार व भरलेली कोठारे येथे विरुद्ध पक्षाकडे होती. अठराव्या शतकात शिवनेरी मराठ्यांकडे आला. पुढे तो राजबंद्यांसाठीही वापरला जाई.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात हे संरक्षण फार काळ टिकले नाही. १८१८ च्या एप्रिल-मेमध्ये मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन पाठोपाठ घेतले. शिवनेरीवर प्रतिकार झालाच नाही. चावंडवर तोफगोळ्यांचा मारा झाल्यानंतर शिबंदीने शरणागती पत्करली. तोवर पेशव्यांची सत्ता मोडली होती व कुमक येण्याची आशा उरली नव्हती. किल्ले पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी वाटा व पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. त्यामुळे चावंड आणि जीवधन येथील चढण आजही अवघड आहे.