विश्लेषण : ऊन बाहेर, वारा आत! घराच्या खिडक्या-दारांमुळे वीजबिल कमी कसे होते?

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे ही गणेशमूर्तींची गावे. शाडूची ओली मूर्ती कडक उन्हात ठेवली तर तडे जातात आणि कोंदट खोलीत ठेवली तर ती वाळत नाही, हे येथील कारागिराला वेगळे सांगावे लागत नाही. मूर्तीला सावली हवी आणि खेळती हवाही. कोकणातील घराचे गणितही हेच आहे. मात्र कौलांच्या जागी स्लॅब आणि लाकडी झडपांच्या जागी सरकत्या काचा आल्या, तसे हे गणित बिघडले आणि त्याची वसुली वीजबिलातून होऊ लागली.

खिडकीचा आणि वीजबिलाचा संबंध काय?

साधा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो. रोज आठ तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. दीड टनाच्या एसीच्या स्टार लेबलवर वर्षाला १,६०० तासांचा वापर धरून साधारण ७५० ते १,००० युनिटचा आकडा असतो. म्हणजे तासाला साधारण ०.४७ ते ०.६३ युनिट आणि आठ तासांच्या रात्रीला चार-पाच युनिट. महिन्याची बेरीज ११० ते १५० युनिटवर जाते. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की पुढच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो. त्यामुळे नुसत्या पंख्यावर निभावलेली प्रत्येक रात्र महागड्या टप्प्यातील चार-पाच युनिट वाचवते. ती निभावेल की नाही, हे बऱ्याच अंशी खिडक्या-दारे ठरवतात.

कोकणात वेगळा विचार का करावा लागतो?

राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. कोकण ‘उष्ण-दमट’ विभागात मोडते. विदर्भात दिवसा घर बंद ठेवून रात्री उघडले की ते निवते, कारण दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. कोकणात हा फरक कमी आणि हवेत बाष्प जास्त. इथे त्रास घाम न वाळण्याचा असतो आणि घाम वाळायला अंगावरून वारा जावा लागतो. दिवसभर बंद ठेवलेले घर इथे भट्टीसारखे कोंदटते.

कोणत्या दिशेचे ऊन त्रासदायक?

पेणच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. हे ऊन स्लॅब तापवते. खिडकीसाठी छज्जा पुरतो. अडचण पश्चिमेची. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि किरणे छज्जाखालून थेट खोलीत शिरतात. पण धरमतर खाडीकडून येणारा दुपारचा वाराही पश्चिमेचाच! म्हणून खिडकी बंद करून चालत नाही. ऊन अडवून वारा सोडणारी आडकाठी लागते : आडव्या पट्ट्यांची झडप, बांबूची चीक किंवा बाहेर मांडव घालून चढवलेला वेल. जुन्या घरांची पडवी आणि झावळ्यांची झड हेच काम करत असे.

आतून जाड पडदा लावला तर?

फायदा होतो, पण अपुरा. ऊन काचेतून आत आले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तीच सावली काचेच्या बाहेर केली तर उष्णता बाहेरच अडते. शिवाय बंद पडदा वाराही अडवतो.

खिडकी किती मोठी हवी?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. त्यानुसार उष्ण-दमट विभागात उघडता येणारे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारती डोळ्यांसमोर ठेवून केलेली असल्याने गावातील लहान घराला सक्ती नाही. पण मोजमाप उपयोगी आहे.

हेच प्रमाण १० बाय १२ फुटांच्या खोलीला लावले तर २० चौरस फूट उघडी जागा हवी. चार बाय चार फुटांची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी १६ चौरस फुटांची दिसते, पण तिचा अर्धाच भाग उघडतो. म्हणजे मिळाले आठ. अशा दोन खिडक्या लावूनही १६ होतात. बिजागरीवर उघडणारी तेवढीच खिडकी सुमारे ९० टक्के उघडते. दोन खिडक्यांत जवळपास २९ चौरस फूट मिळतात.

खिडक्या समोरासमोरच्या किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींत हव्यात. वारा आत येण्याइतकीच त्याला बाहेर जायला वाट लागते. छताजवळचा झरोका गरम हवा बाहेर सोडतो आणि चोराच्या भीतीने खिडकी लावून घेतली तरी उघडा ठेवता येतो. डासांची जाळी वारा कमी करते, पण जाळीच नसेल तर संध्याकाळी खिडकीच बंद होते. म्हणून जाळी हवीच. धूळ धुता येईल अशी, काढता येणारी.

दुहेरी काच घ्यावी का?

थंड देशांत आत-बाहेर २०-३० अंशांचा फरक असतो. तिथे दुहेरी काच खर्च भरून काढते. कोकणात हा फरक फार नसतो. इथली मुख्य उष्णता थेट उन्हाची आणि दुहेरी साधी काच ऊन फारसे अडवत नाही. एसी दिवसभर चालत नसेल तर तो पैसा बाहेरच्या सावलीवर घालणे शहाणपणाचे. गडद फिल्म लावून दिवसा दिवा लावावा लागला, तर तोही तोटाच.

एसी लावलाच असेल तर?

मग नियम उलटतो. खोली घट्ट बंद हवी. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली एक सेंटिमीटरची फट म्हणजे ९० चौरस सेंटिमीटरचे, मुठीएवढे भोक. त्यातून दमट हवा शिरत राहते आणि तिच्यातील पाणी काढण्यातच एसीची वीज जाते. दाराखाली ब्रशची किंवा रबरी पट्टी, खिडकीच्या कडांना फोमची पट्टी हा किरकोळ खर्च आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते म्हणून दार तासताना बेताने तासावे. उन्हाळ्यात तीच जागा फट होते. तापमान २४ अंशांवर ठेवावे. एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे.

सुरुवात कुठून करावी?

आधी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, मग फटी आणि जाळ्या, आणि खिडकी बदलायचीच असेल तेव्हा बिजागरीची. मात्र बैठ्या घरात स्लॅब तापत असेल, तर केवळ खिडक्यांनी भागणार नाही. वर पांढरा लेप किंवा पत्र्याची सावली लागेल. नवे घर बांधणाऱ्याने तर नकाशावर सही करण्यापूर्वीच खिडक्यांची जागा ठरवावी. भिंत उभी राहिल्यावर ती फोडण्यापेक्षा कागदावरची रेघ पुसणे केव्हाही स्वस्त.