कळा नाहीत, पण पाणी गेलं!

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात लेक कासोद्याला नाहीतर रिंगणगावला आईकडे येते. एखाद्या रात्री अंथरूण ओलं होतं. आई विचारते, "कळा येताहेत का गं?" "नाही." "मग सकाळी जाऊ एरंडोलला." मैत्रिणींनो, हे 'सकाळी जाऊ' महागात पडू शकतं.

दिवस भरलेल्या शंभरातल्या साधारण आठ-दहा जणींची पाणमोट कळांच्या आधीच फुटते. बहुतेकींना मग २४ तासांत कळा सुरू होतात, नाहीतर डॉक्टर औषधाने सुरू करतात. पण पाणमोट फुटली की जंतूंना वाट मोकळी होते, आणि उशीर होईल तसा आईला नि बाळाला संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून पाणी कधी गेलं ती वेळ घड्याळात बघून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

लघवी झाली की पाणी गेलं, हे बऱ्याचदा कळत नाही. लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. स्वच्छ पांढरं कापड घ्या, त्यावर रंग दिसतो. घरी कुणालाही आत हात घालून तपासू देऊ नका, मग ती कितीही जुनी-जाणती सुईण असो. 'सगळं पाणी गेलं, आता कोरडं बाळंतपण' ही भीतीही नको. पोटात पाणी नव्याने तयार होतच असतं.

सातव्या-आठव्या महिन्यात पाणी गेलं, तर गोष्ट वेगळी. ३४ आठवड्यांच्या आत, संसर्ग नसेल आणि बाळ ठीक असेल, तर डॉक्टर बाळंतपणाची घाई करत नाहीत. दवाखान्यात ठेवून घेतात, अँटिबायोटिक देतात आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, दर १२ तासांनी एक, अशी चार. अशा वेळी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वेगळा कक्ष असलेलं रुग्णालय गाठलेलं बरं. एरंडोलहून जळगाव जेमतेम तीसेक किलोमीटर. मोटारसायकलवर मागे बसून मात्र नको. १०८ला फोन करा, गाडीत डाव्या कुशीवर झोपवा.

पाणी हिरवट किंवा घाण वासाचं आलं, ताप चढला, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लगेच निघायचं. सोबत तपासणीचं कार्ड आणि ते ओलं कापडही न्या, डॉक्टरांना दाखवायला.